बीपी मान्य, साखर आणि हृदय 'नाना': बाबांचं दुसरं अपील कसं लिहू?

खटावची लेक (धागाकर्ती)

नमस्कार. बाबा तोफखान्यातून ३१ मार्च २०२२ ला हवालदार म्हणून निवृत्त झाले, पूर्ण २४ वर्षं करून. रिलीज मेडिकल बोर्डात, म्हणजे निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत, तीन आजार लिहिलेत. उच्च रक्तदाब ३० टक्के, हाय अल्टिट्यूडला सापडला, सेवेमुळे वाढला म्हणून मान्य. टाइप २ मधुमेह २० टक्के, नाना. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार ३० टक्के, २०१९ मध्ये एक स्टेंट, तोही नाना. तिन्ही मिळून बोर्डाने ६० टक्के धरले, पण विकलांगता पेन्शनला मोजले फक्त ३०.

फौजेबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. 'नाना' म्हणजे आजार सेवेमुळे झालाही नाही आणि सेवेमुळे वाढलाही नाही, असा बोर्डाचा शेरा. ज्यांच्या कागदावर तो पडलाय त्यांना हा शब्द झोपेतही ऐकू येतो.

पहिलं अपील मी स्वतः लिहिलं होतं. एक पान. बाबांनी कुठे कुठे नोकरी केली, थंडीत कसे राहिले, आईने एकटीने घर कसं सांभाळलं, हे सगळं मनापासून लिहिलं. अडीच वर्षांनी उत्तर आलं, चार ओळींचं. मधुमेह पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत छावणीत सुरू झाला, तो जीवनशैलीचा आजार आहे. हृदयविकारही पीसमध्येच, आणि त्याआधीच्या १४ दिवसांत कामाचा विशेष ताण दिसत नाही. अपील फेटाळलं. पत्रावर तारीख १८ नोव्हेंबर २०२५.

बाबा म्हणतात, जाऊ दे, जे मिळतंय ते बास. पण ज्या बीपीला तुम्ही सेवेचा म्हणता, त्याच बीपीने पुढे हृदय धरलं असेल तर ते वेगळं कसं? मला हे मांडता येत नाहीये. मदत करा.


तोपची ७२

जय हिंद बाळा. आधी एक सांग, बोर्डाची पूर्ण प्रत हातात आहे का? फक्त शेवटचं पान नको, सगळी. त्यात कुठल्या तारखेपासून कुठे पोस्टिंग, फिल्ड (सीमेवरचा किंवा कठीण भाग) की पीस, हे बाबांनी स्वतः लिहून सही केलेलं असतं. आमच्या वेळी क्लार्क घाईत भरायचा आणि जवान न वाचता सही करायचा. माझ्या फॉर्मवर हाय अल्टिट्यूडचा एक टेन्योर (पोस्टिंगचा काळ) पीस म्हणून लिहिला गेला होता. मला ते सहा वर्षांनी कळलं.


खटावची लेक

काका, माझ्याकडे सारांशाची दोनच पानं आहेत. पूर्ण प्रत कशी मागायची?


कागदवाला

मी एका रेकॉर्ड ऑफिसात (जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात) २२ वर्षं पेन्शन सेक्शनला होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाबांच्या नावाने, त्यांच्या सहीने रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. रिलीज मेडिकल बोर्डाची कार्यवाही, म्हणजे एएफएमएसएफ १६, तिची संपूर्ण साक्षांकित प्रत मागा. सोबत आधीच्या सगळ्या कॅटेगरी आणि रि-कॅटेगरी बोर्डांच्या, म्हणजे आजारी जवानाचा वैद्यकीय दर्जा ठरवणाऱ्या आणि फेरतपासणाऱ्या बोर्डांच्या प्रती, आणि पहिलं अपील ज्या मेडिकल मताच्या आधारे फेटाळलं ते मत. साध्या अर्जाला उत्तर येत नसेल तर माहिती अधिकारात टाका, तिथे ३० दिवसांची मुदत आहे. स्वतःचे मेडिकल कागद स्वतःला नाकारता येत नाहीत. हे आधी करा, लिखाण नंतर. कागद न बघता लिहिलेलं अपील म्हणजे अंधारात फायर.

दुसऱ्या अपिलाची मुदत पहिलं फेटाळल्यापासून सहा महिने. तुमची तारीख १८ मे २०२६ धरा आणि एप्रिलच्या आतच पाठवा.

आता मुख्य मुद्दा. बोर्डाच्या फॉर्मवर प्रत्येक आजाराला स्वतंत्र ओळ असते. कधी सुरू झाला, कुठे सुरू झाला, सेवेशी संबंध आहे का, कारण काय. बोर्ड एकेक ओळ सुटी वाचतं. पहिल्या ओळीत 'हाय अल्टिट्यूड' दिसलं, मान्य. दुसरीत 'पीस' दिसलं, नाना. तिसरीत 'पीस', नाना. ओळी एकमेकींशी जोडण्याचं काम त्या फॉर्ममध्ये कोणाचंच नाही. ते अपिलाने करायचं असतं. तुमच्या पहिल्या अपिलात बाबांचे कष्ट होते, पण या ओळींमधला धागा नव्हता, असं मला वाटतं. मन दुखावण्यासाठी लिहीत नाही. शंभरातली नव्वद अपिलं मी अशीच येताना पाहिली आणि फार वाईट वाटायचं, कारण आत खरी केस असायची.

आणखी एक हिशेब ऐका, हा कोणी सांगत नाही. शंभर टक्के विकलांगतेला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात, बाकी त्या प्रमाणात. म्हणजे आज बाबांना ३० टक्क्यांवर पगाराच्या ९ टक्के मिळतात. राउंडिंगचा नियम असा: ५० च्या खाली असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, त्याच्या वर १००. नुसतं बीपी ३० टक्के, राउंडिंगने ५०. बीपी आणि मधुमेह मिळून फार तर ४४ होईल, कारण टक्के सरळ मिळवत नाहीत, दुसरा आजार उरलेल्या क्षमतेवर मोजला जातो. राउंडिंगने पुन्हा ५०च. पण हृदय आत आलं की तिन्ही मिळून ६०, आणि राउंडिंगने ७५. पगाराच्या १५ टक्क्यांऐवजी साडेबावीस.

म्हणजे पैशाच्या दृष्टीने लढाई हृदयाची आहे. मधुमेह एकटा जिंकलात तर रक्कम बदलत नाही. पण तो सोडू नका, कारण हृदयापर्यंत जाणारा रस्ता त्याच्यातूनच जातो.


निवांत

कागदवाले साहेब, राउंडिंग फक्त बोर्ड-आउट झालेल्यांना, म्हणजे आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना ना? हे तर सर्व्हिस पूर्ण करून आलेत.


कागदवाला

सुरुवातीला तसंच होतं. मग १० डिसेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात सांगितलं की सेवा पूर्ण करून आलेल्यांनाही राउंडिंग लागू. तरी माझ्या पाहण्यात ते आपसूक क्वचितच मिळतं, सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जाऊन मागावं लागतं. अपिलात मात्र आत्ताच मागून ठेवा. मागितलंच नाही असं पुढे कोणी म्हणायला नको.


रोखठोक

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मीही माजी सैनिक आहे. साखर, बीपी, हृदय आज प्रत्येक दुसऱ्या घरात आहे. शेतात राबणाऱ्यालाही होतं, बँकेत बसणाऱ्यालाही. सगळंच सेवेच्या खात्यावर टाकलं तर ज्याचा पाय माइनमध्ये गेला त्याच्या पेन्शनचं मोल कमी होतं. २०१९ मध्ये नरसिंग यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलंय की सेवेत आजार उद्भवला एवढ्यावरून तो सेवेमुळेच झाला असं आपोआप होत नाही. वडील सिगारेट ओढायचे का? वजन किती होतं? हे प्रश्न बोर्ड विचारणारच.


खटावची लेक

राग नाही काका. बाबांनी आयुष्यात विडी-सिगारेट ओढली नाही. वजन कागद आले की बघून सांगते. पाय गमावलेल्या जवानाच्या ताटातलं आम्हाला नकोच आहे. बाबांचं जे बाबांचं आहे तेवढंच मागतोय.


औषधवही

मी फिजिशियन आहे, काही वर्षं आर्मी मेडिकल कोअरमध्ये शॉर्ट सर्व्हिस केली. रोखठोक यांचे प्रश्न बरोबर आहेत आणि त्यांची उत्तरं अपिलातच द्यावीत, लपवू नयेत.

वैद्यकीय बाजू सांगतो. टाइप २ मधुमेह एका दिवशी सुरू होत नाही. साखर वर्षानुवर्षं हळूहळू चढते आणि एक दिवस कोणीतरी तपासतं. निदानाची तारीख म्हणजे आजार सापडल्याची तारीख, सुरू झाल्याची नव्हे. बोर्डाच्या 'कुठे सुरू झाला' या रकान्यात मात्र सापडल्याची जागाच लिहितात. तुमच्या बाबांना बीपीमुळे लो मेडिकल कॅटेगरी (खालचा वैद्यकीय दर्जा) होती, म्हणजे ठरावीक काळाने त्यांचे रि-कॅट बोर्ड झाले असणार आणि प्रत्येक वेळी उपाशीपोटी साखर तपासली असणार. ते आकडे शोधा. १०० च्या आत असेल तर सामान्य, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ किंवा वर म्हणजे मधुमेह. फिल्डमध्ये असतानाच आकडे चढायला लागले होते का, एवढंच बघा.

निदानाच्या वेळी एचबीए१सी ही रक्ततपासणी केली असेल तर ती सोन्यासारखी आहे. ती आजची साखर सांगत नाही, मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. फिल्डमधून आल्यावर किती दिवसांनी ती झाली, यावर सगळं अवलंबून आहे.

हृदयाबद्दल. १४ दिवसांच्या कामाचा तपशील मागतात तो झटका कशाने आला हे पाहण्यासाठी. बाबांना झटका आला होता की छातीत दुखल्यावर तपासणीत ब्लॉकेज सापडलं?


खटावची लेक

झटका नव्हता. धावण्याच्या टेस्टच्या वेळी छाती भरून आली म्हणून एमएचला (मिलिटरी हॉस्पिटलला) नेलं, तिथून मोठ्या हॉस्पिटलला. अँजिओग्राफीत एका वाहिनीत ८० टक्के अडथळा. आई आणि मी गेलो तेव्हा बाबा पलंगावर बसून चहा पीत होते आणि मलाच विचारत होते, परीक्षा कधी आहे तुझी.


औषधवही

मग १४ दिवसांचा मुद्दा इथे फारसा लागू पडत नाही, आणि हे स्पष्ट लिहा. ८० टक्के अडथळा दोन आठवड्यांत तयार होत नाही. उच्च रक्तदाब वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा करतो, वाढलेली साखर तीच इजा खोल करते, चरबी साचते, वर्षं जातात. उच्च रक्तदाब हा या आजाराचा सर्वमान्य धोका-घटक आहे. बोर्डाने बीपी सेवेमुळे वाढल्याचं मान्य केलंय. मग त्याच वाढलेल्या बीपीने हृदयावर काय केलं याचा विचार का केला नाही, हा प्रश्न बोर्डाला विचारायचा.


शेवंती

मी फार कमी लिहिते इथे, पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझे मिस्टर गेले तेव्हा कळलं की त्यांचा हृदयविकार बोर्डाने नाना लिहिला होता. त्यांनी कधी अपील केलं नाही, म्हणायचे मला पुरतंय. आजार मान्य असता आणि त्याच आजाराने गेले असते तर विशेष कुटुंब पेन्शन मागता आली असती, पगाराच्या ६० टक्के. आता साधी आहे, ३० टक्के. ताई, बाबा जाऊ दे म्हणत असतील तर त्यांना हे सांगा. अपील त्यांच्यापुरतं नसतं, आईसाठीही असतं.


खटावची लेक

शेवंती ताई, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. संध्याकाळी आपणहून पत्र्याची ट्रंक खाली काढून दिली.


सावली

वाचनखूण साठवतेय. माझ्या भावाची अगदी हीच केस आहे, फक्त तिथे बीपीही नाना.


वकीलवाडा

मी सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या केसेस चालवतो. इथे सल्ला देणं म्हणजे वकीलपत्र नव्हे, पण दोन-तीन गोष्टी नेहमी चुकतात म्हणून लिहितो.

सगळे धरमवीर सिंह निकालाचा दाखला चिकटवतात. २ जुलै २०१३ चा, मोठा निकाल आहे, माझाही आवडता. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत उद्भवला असं धरायचं, नाकारायचं तर बोर्डाने कारणं द्यायची, शंकेचा फायदा जवानाला. पण तो १९८२ च्या एन्टायटलमेंट रूल्सवर, म्हणजे ही पेन्शन कोणाला मिळते ते ठरवणाऱ्या नियमांवर आहे. बाबा २०२२ ला निवृत्त झाले, त्यांना २००८ चे नियम लागू होतात. सरकारी वकील पहिल्या मिनिटाला हेच दाखवतो. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना तर आणखी नवे नियम आहेत. स्वतःची तारीख बघून दाखला द्या.

२००८ च्या नियमांतही सातवा नियम असा आहे की सामान्यतः दावेदाराला हक्क सिद्ध करायला बोलावलं जात नाही. दावा निवृत्तीनंतर १५ वर्षांनी केला तर मात्र ओझं त्याच्यावर. तुम्ही त्या मुदतीत आहात. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गवस अनिल मडसो प्रकरणात नेमका मधुमेहाचाच प्रश्न हाताळला. नुसतं 'जीवनशैलीचा आजार' आणि 'पीसमध्ये सुरू झाला' एवढं लिहून भागत नाही, या जवानाच्या बाबतीत सेवा कारण नाही असं बोर्ड का म्हणतं, ते त्याने सांगायला हवं. पीस पोस्टिंगलाही फौजेचा ताण असतोच. मे २०२५ मध्ये राजूमोन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही कारणांशिवाय दिलेल्या बोर्डाच्या मतावर पेन्शन नाकारणं मान्य केलं नाही. तुमच्या चार ओळींच्या पत्राला हे थेट लागू आहेत.

मेडिकल ऑफिसर्ससाठीची मार्गदर्शिकाही वाचा. तिच्या २६व्या परिच्छेदात मधुमेह फिल्ड किंवा हाय अल्टिट्यूडमध्ये सुरू झाला असेल तर सेवेमुळे वाढला असं मान्य करायचं म्हटलंय. म्हणून डॉक्टरसाहेब म्हणतात ते आकडे एवढे महत्त्वाचे. त्यांच्याच पुस्तकाने त्यांना दाखवता येईल.

अपिलाला दोन दारं ठेवा. पहिलं, मधुमेह आणि हृदय हे दोन्ही स्वतंत्रपणे सेवेमुळे वाढले. दुसरं, ते पटलं नाही तरी ते मान्य झालेल्या बीपीचे पुढचे परिणाम आहेत. एकच दार ठेवलंत आणि ते बंद झालं तर आत जायला जागा उरत नाही.

दुसऱ्या अपिलावर सहा महिन्यांत निर्णय आला नाही तरी न्यायाधिकरणात जाता येतं. महाराष्ट्रातल्यांना मुंबईचं खंडपीठ आहे. दुसरं अपील फेटाळलं तर त्या आदेशापासून सहा महिने. उशीर झालाच तर माफ होऊ शकतो, पण तरसेम सिंह निकालानुसार थकबाकी साधारण अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे उशिराची किंमत दर महिन्याला मोजावी लागते.


खटावची लेक

सात आठवड्यांनी परत आले. पूर्ण प्रत माहिती अधिकारात मिळाली आणि ट्रंकेतही बरंच काही सापडलं. बाबांनी एमएचची प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवली होती, आम्हाला माहीतच नव्हतं.

बाबा ऑक्टोबर २०१३ ते नोव्हेंबर २०१५ सिक्कीमला हाय अल्टिट्यूडमध्ये. फेब्रुवारी २०१४ ला बीपी सापडलं. ऑगस्ट २०१४ च्या बोर्डात उपाशीपोटी साखर १०४. फेब्रुवारी २०१५ ला ११३. ऑगस्ट २०१५ ला ११९. त्या तिन्ही कागदांवर त्याबद्दल एक शब्दही नाही. १६ नोव्हेंबर २०१५ ला पीसला रिपोर्ट केलं. ७ डिसेंबरला तपासणी, साखर १६८, एचबीए१सी ८.१. आणि बोर्डाने लिहिलं, सुरुवात डिसेंबर २०१५, पीस.

एकवीस दिवस. मी बोटांवर तीन वेळा मोजले.

वजन भरतीत ५८, २०१५ मध्ये ७१, उंची १६८. स्टेंटच्या वेळी ७८. २०१४ च्या औषधांत ॲटेनोलॉल आणि हायड्रोक्लोरोथायझाइड लिहिलंय, याचा काही उपयोग?


औषधवही

हे आकडे वाचून खुर्चीतून उठलो. ८.१ ही सरासरी सप्टेंबर ते डिसेंबरची आहे, आणि त्यातले बहुतेक दिवस बाबा सिक्कीममध्ये होते. एकवीस दिवसांच्या पीसमध्ये एचबीए१सी तिथवर चढत नाही. हा परिच्छेद अपिलात सगळ्यात आधी घ्या, आकडे तारखांसह, विशेषणं नकोत.

औषधांबद्दल: ही दोन्ही साखर थोडी वाढवू शकतात, एकत्र दिली तर जास्त. हे ज्ञात आहे, पण परिणाम मर्यादित असतो. एकच वाक्य लिहा, की मान्य आजाराच्या उपचारातली औषधंही साखरेला पोषक ठरू शकतात आणि बोर्डाने ते तपासलेलं नाही. त्यावर इमारत उभी करू नका. वजन सरळ सांगा. स्टेंटच्या वेळचं ७८ हे लो कॅटेगरीत कष्टाची कामं आणि पीटी बंद झाल्यानंतरचं आहे का, तेही तारखांनी दाखवा.


रोखठोक

ताई, मी माझं सर्वसाधारण मत बदललेलं नाही, पण तुमच्या बाबांच्या केसमध्ये बोर्डाने चूक केली आहे असं आता स्पष्ट म्हणतो. १०४, ११३, ११९ समोर असताना कोणी बोललं कसं नाही?


तोपची ७२

पोस्टिंगचं पान तपासलंस का बाळा?


खटावची लेक

तपासलं काका. तुमच्यामुळेच. सिक्कीमचा टेन्योर बरोबर फिल्ड लिहिलाय, पण त्याआधीचं २००९ ते २०११ चं जम्मू-काश्मीर पीस लिहिलं गेलंय. पार्ट टू ऑर्डरची (पोस्टिंगच्या अधिकृत नोंदीची) प्रत रेकॉर्डकडे मागितली आहे.


कागदवाला

ती प्रत येईपर्यंत थांबू नका. अपिलात लिहा की पोस्टिंगची नोंद चुकीची आहे, दुरुस्ती मागितली आहे, पुरावा मागाहून जोडू. अपील स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. प्रत्येक पानावर बाबांची सही, पानांना क्रमांक, आणि पूर्ण संच जसाच्या तसा घरी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनही एक प्रत पुढे पाठवून घ्या, तिथे आवक क्रमांक मिळतो.


खटावची लेक

आज पाठवलं. पाच पानं आणि एकतीस जोडपत्रं. पहिल्या पानावर तारखा आणि आकडे, दुसऱ्यावर बीपीपासून हृदयापर्यंतचा क्रम आणि १४ दिवसांच्या मुद्द्याला उत्तर, मग नियम, दोन दारं, शेवटी ६० टक्के आणि त्यावर राउंडिंगची मागणी. आईने एकटीने घर कसं सांभाळलं ते यावेळी लिहिलं नाही. लिहिताना हात अडला, पण नाही लिहिलं.

बाबांनी प्रत्येक पान सही करण्याआधी पूर्ण वाचलं. तिसऱ्या पानावर थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, ऑगस्टला तिथे मला सारखी तहान लागायची, मला वाटायचं उंचीमुळे. हे वाक्य मी त्यांच्या सहीनिशी वेगळ्या निवेदनात जोडलं.

पोचपावती आली की इथेच नंबर सोडून बाकी सगळं लिहीन. सावली ताई, तुमच्या भावाच्या रि-कॅट बोर्डांच्या तारखा असतील तर पाठवा, आपण दोघी मिळून तक्ता करू.